कॅमेऱ्याला पाठ नसते

साध्या शूटिंगमध्ये माणसं कॅमेऱ्याच्या मागे उभी राहतात. तिथे उभं राहून जांभया द्याव्यात, बिस्किटं खावीत, दिग्दर्शकाच्या नावाने बोटं मोडावीत, कोणाला काही कळत नाही. आमच्या धंद्यात ती सोय नाही. आमचा कॅमेरा म्हणजे नारळाएवढा एक गोळा आणि त्याला चहूबाजूंनी आठ डोळे. तो सगळीकडे एकदम बघतो. घरी बसलेला माणूस हेडसेट चढवतो, मान वळवतो आणि जिकडे वळवेल तिकडचं त्याला दिसतं. पुढे, मागे, वर पंखा, खाली सतरंजी. त्यामुळे कॅमेरा सुरू करणाऱ्याला त्यानंतर एकच काम उरतं. लपायचं.

आमच्याकडे हे काम मामा करायचे. मामा तसे कोणाचेच नव्हते, म्हणून सगळ्या ऑफिसचे होते. पूर्ण पदवी लपंडावमामा. उंची बेताची, घेर अजिबात बेताचा नाही. लाल दिवा लागला की दहा सेकंद मिळायची. तेवढ्यात हा माणूस पडद्यामागे, टेबलाखाली, कपाटात, जिथे मांजर शिरणार नाही अशा ठिकाणी शिरून बसायचा. एकदा बागेत शूटिंग होतं. मामा झाडामागे लपले. झाड मामांपेक्षा बारीक होतं. बघणाऱ्यांना वाटलं, झाडाला दोन्ही बाजूंनी पोट सुटलंय. एकदा फर्निचरच्या दुकानात पलंगाखाली लपले आणि तिथेच त्यांचा डोळा लागला. तो पलंग घोरतो अशा सतरा तक्रारी आल्या. दुकानदाराने पलंग परत पाठवला.

"आठ वर्षं झाली," मामा म्हणायचे, "आता घरी कोणी बेल वाजवली तरी पाय आधी कपाटाकडे वळतात. बायको म्हणते, दार उघडा, पाहुणे आहेत, पोलिस नाहीत."

माझं काम सर्व्हरवर. आमचा व्हिडिओ इतका जड, की अख्खा पाठवायचा म्हटला तर घरोघरचं नेट मान टाकेल. म्हणून आम्ही एक चलाखी करतो. माणूस जिकडे बघतोय तेवढाच तुकडा त्याला स्वच्छ पाठवायचा, बाकीचं जग धुरकट. त्याने मान वळवली की पाव सेकंदात तिकडचं स्वच्छ करायचं, इकडचं धुरकट. त्याला वाटतं सगळं जग लख्ख आहे. तसं पाहिलं तर आपण सगळे एरवीही असेच जगतो. फक्त त्यासाठी माझ्यासारखा कोणी पगारी नसतो.

यात हलणारी गोष्ट सगळ्यात त्रासाची. भिंत एकदा पाठवली की झालं, ती तशीच राहते. हलणारा माणूस मात्र क्षणाक्षणाला नव्याने पाठवावा लागतो. आणि मामा कितीही लपले तरी कुठून तरी कोपर, कुठून तरी बूट दिसायचाच. मग आमची माणसं बसून ते कोपर हाताने पुसायची. मला या सगळ्याचा कंटाळा आला. म्हणून मी पोचारा तयार केला.

पोचारा म्हणजे एक प्रोग्राम. नाव साहेबांनी ठेवलं. व्हिडिओत मामा दिसले की त्याने त्यांना पुसायचं आणि मागची भिंत तिथे लावून टाकायची. त्यासाठी त्याला आधी मामा ओळखता यायला हवेत. आठ वर्षांचे व्हिडिओ त्याला खाऊ घातलेच, शिवाय आठवडाभर मामांना समोर बसवलं. हसा, वळा, खाली वाका, टोपी घाला, काढा.

"आता याला मी ओळखू येतो?" शेवटच्या दिवशी मामांनी विचारलं.

"मामींपेक्षा जास्त."

"आणि ओळखलं की काय करतो?"

"पुसतो."

"वा! ओळख विसरणारे पुष्कळ पाहिले बाई. ओळखून पुसणारा हा पहिलाच."

पोचारा झकास चालला. इतका, की मी तो थेट मुख्य सर्व्हरवर टाकला. आमच्याकडून जे जे बाहेर जाईल ते त्याच्या हाताखालून जाईल. मामांना आता लपायची गरज नव्हती. तरी लाल दिवा लागला की ते पळायचेच. आम्ही हसायचो.

पहिला घोळ झाला तो मोठ्या गिऱ्हाइकांसमोर. आमच्याच ऑफिसचं थेट प्रक्षेपण होतं, सहा पाहुणे हेडसेट चढवून बसलेले. मामा दिवा न बघता चहाचा कप घेऊन खोलीत आले. पोचाऱ्याने मामा पुसले. कप पुसायला त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. पाहुण्यांना दिसलं ते असं: एक कप हवेतून शांतपणे चालत आला, खिडकीशी थांबला, वर गेला, तिरका झाला, फुर्र करून आवाज आला, आणि कप थोडा रिकामा होऊन खाली आला. एक पाहुणा खुर्चीसकट मागे पडला. साहेबांनी ताबडतोब सांगितलं की हे आमचं नवीन मनोरंजन आहे. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी उरलेला चहा संपवला.

या सगळ्याची मजा वाटत होती तोपर्यंतच मामांच्या मुलीचा फोन आला.

मुलगी लग्न होऊन परदेशी गेलेली. मामा तिला चिऊ म्हणत. डोळ्यांच्या मागे गाठ निघाली होती. उजव्या डोळ्याने दिसायचं बंदच झालं होतं, डाव्याचंही जायला लागलं होतं. ऑपरेशन अकरा दिवसांनी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गाठ निघेल, नजर राहील की नाही ते त्यानंतर बघू.

"बघू म्हणाला," मामा मला म्हणाले. "शब्द तरी बघून वापरावा की नाही माणसाने?"

चिऊचं म्हणणं एवढंच होतं की ऑपरेशनच्या आधी आईबाबांना एकदा नीट बघायचंय. शेवटचं बघणं असेल तर ते त्यांचं असू दे. फोनच्या टिचभर पडद्यावर तिला काही धड दिसत नव्हतं. हेडसेटमध्ये मात्र दिसायचं, चित्र मोठं, डोळ्यासमोर, मान वळवून उरलेल्या नजरेत धरता येईल असं. मी तिकडे एक पाठवून दिला, मामांच्या घरी हॉलमध्ये कॅमेरा लावला आणि पहिल्या दिवशी जोडणी करून बघितली.

"आई दिसली," चिऊ म्हणाली. "आई, बारीक झालीस. बाबा कुठेत?"

"अगं, इथे तुझ्या समोर," मामा म्हणाले. आवाज अगदी नीट गेला. आवाजाशी पोचाऱ्याचा संबंध नव्हता.

"समोर खुर्ची आहे बाबा."

मी कपाळावर हात मारला. एवढ्या गडबडीत पोचारा बंद करायचा राहूनच गेला होता. ऑफिसला जाऊन बंद केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडणी. आई दिसली. खुर्ची दिसली.

मी पोचारा काढूनच टाकला. तीन सर्व्हर होते, तिन्हीवरून. त्याच्या सगळ्या प्रती पुसल्या, तो ज्यावर शिकला ते व्हिडिओ पुसले. पुसणाऱ्याला पुसताना मला जरा बरंही वाटलं. तिसऱ्या दिवशी चिऊ म्हणाली, "बाबा, खुर्चीच्या गादीला खळगा पडलाय. तुम्ही बसलायत ना?"

"बसलोय."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. आणि रडायला लागली.

"अहो, मग तुम्हीच जा ना तिकडे," मी म्हणाले. मामा निघालेच होते. कागदपत्रांसाठी दोघं नवराबायको व्हिसाच्या कचेरीत गेले, बरोबर मीही. फोटोच्या खोलीतला कारकून पडद्याकडे बघून म्हणाला, "काका, बसा ना खुर्चीत."

"बसलोय की."

कारकुनाने मान वर करून बघितलं. मामा बसलेले. पडद्याकडे बघितलं. रिकामी खुर्ची, मागे पांढरी भिंत. त्याने मशीनला एक चापट मारली. मग दुसरं मशीन आणलं. मग शेजारच्या कारकुनाला बोलावलं. दोघांनी मिळून नऊ फोटो काढले. नऊ खुर्च्या आल्या. शेवटी तो फार अदबीने म्हणाला, "काका, फोटोशिवाय अर्ज पुढे जात नाही. तुम्ही जरा... बरं वाटलं की या."

"मला काही झालेलं नाही."

"हो, तेच," कारकून म्हणाला.

अर्ज दोघांचा एकत्र, त्यामुळे मामीही अडकल्या. दुष्काळात तेरावा महिना.

त्या कचेरीच्या मशीनचा आमच्या सर्व्हरशी काडीचा संबंध नव्हता. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी ते वाक्य मागच्या वेळेपेक्षा जास्त वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी कॅमेऱ्याची वायर थेट हेडसेटला जोडली. मध्ये नेट नाही, सर्व्हर नाही, काही नाही. हेडसेट चढवला. मामा माझ्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभे होते. आत मला हॉल दिसला, सोफा, खुर्ची, भिंतीवरचं घड्याळ. मामा नव्हते.

"हात हलवताय?" मी विचारलं.

"दोन्ही," मामांचा आवाज अगदी कानाशी आला.

मी हेडसेट काढला. दोन्ही हात हलत होते.

मी शिकलेली बाई आहे. माझ्याकडे कारणं होती. कॅमेऱ्याच्या आतही एक छोटा प्रोग्राम असतो, कदाचित तिथे काही शिरलं असेल. कचेरीतलं मशीनही कदाचित त्याच जातीचं असेल. पण ऑफिसच्या आपोआप सरकणाऱ्या दाराला कुठे प्रोग्राम? मामा त्याच्यासमोर उभे राहायचे आणि ते उघडायचं नाही. हे मी दोनदा पाहिलं. तिसऱ्या वेळी मामाच म्हणाले, "तू आधी हो बाई. तुझ्यामागून येतो मी. आता तुझाच आधार."

साहेबांनी नव्या कामाची यादी लावली, त्यात मामांचं नाव नव्हतं. विचारलं तर साहेब जीभ चावून म्हणाले, "अरेच्चा! राहिलंच की." मामी एकाच ताटाची तयारी करायच्या आणि मग एकदम दचकून दुसरं ताट घ्यायच्या. "पोरीच्या काळजीने डोकं ठिकाणावर नाही माझं," म्हणायच्या. मलाही आता मामा दिसायला जरासा उशीर व्हायला लागला होता. खोलीत शिरलं की आधी खुर्ची दिसायची, मग मामा. पाव सेकंद असेल. नेट जरा हळू असावं, तसं.

"मी लपत नाहीये हं," एकदा ते मुद्दाम म्हणाले. "हा इथे उघड्यावर बसलोय."

"दिसताय मामा."

"तू बघतेस म्हणून."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनची वेळ ठरली. तिकडे चिऊचे केस काढून झाले होते. जावई तिच्या उशाशी होते, ते हेडसेट चढवून देणार होते. इकडे मामी सोफ्यावर, मामा खुर्चीत. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, नखं कापली होती, दाढी दोनदा केली होती. हे सगळं कोणासाठी, हे मी विचारलं नाही.

"नाही दिसलो तर नाही," ते म्हणाले. "बोलेन तरी. पण दिसलो तर दाढी वाढलेली नको."

आता मलाही लपायला हवं होतं. मी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात गेले, दार लोटलं, ओट्याशी स्टुलावर बसले. चिऊला जे दिसेल तेच मला लॅपटॉपवर दिसणार होतं. मी कॅमेरा सुरू केला. दाराच्या फटीतून लाल दिवा लागलेला दिसला. आकडे मोजायची सवय आहे मला. दहा झाले.

"आई," चिऊ म्हणाली.

तिची मान मामींकडे होती. मामी लख्ख दिसत होत्या, डोळ्यांखालच्या सुरकुत्यांसकट. बाकी खोली धुरकट. उजवीकडे खुर्ची होती, तिचा नुसता तपकिरी डाग. दोघी बोलल्या. झोप लागते का, जेवलीस का, जावई नीट बघतात ना. ज्या गोष्टी बोलायच्या नसतात त्यांच्या भोवतीचं सगळं बोलून झालं.

मग चिऊने श्वास घेतला. लॅपटॉपवर तिची मान हळूहळू उजवीकडे वळली.

पाव सेकंद.

डाग स्वच्छ झाला.

खुर्चीत मामा बसले होते.

"बाबा!" चिऊ किंचाळलीच. "दिसलात! आई, बाबा दिसले! अहो, हे बघा ना, दिसले!"

इस्त्रीचा शर्ट. दोनदा केलेली दाढी. गुडघ्यांवर हात. मला उठून नाचावंसं वाटत होतं, आणि नाचता येत नव्हतं म्हणून मी तोंडावर हात दाबून दुसरीकडे मान फिरवली. भिंतीकडे.

भिंत आणि फ्रिज यांच्यामध्ये हातभर फट होती.

त्या फटीत मामा बसले होते.

गुडघे छातीशी. तोंडावर हात, माझ्यासारखाच. डोळ्यांतून पाणी चाललेलं.

"सवयीने गं," ते कुजबुजले. "दिवा लागला, पाय आपोआप... तू दाराच्या फटीतून बघत होतीस, तुझ्यासमोरूनच आत शिरलो."

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

मामांनी बघितलं. बराच वेळ. खुर्चीतल्या माणसाने मान तिरकी केली. मामा करतात तशीच.

"केस किती पांढरे झाले हो बाबा," हॉलमधून चिऊचा आवाज आला.

"पांढरे नाहीत," हॉलमधून मामांचा आवाज आला. "प्रकाश जास्त लागतोय."

चिऊ हसली. आजारी पडल्यापासून ती हसलेली मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"मामा, उठा," मी म्हणाले. "बाहेर जा."

"गेलो तर तिला काय दिसेल?"

मी दाराच्या फटीकडे बघितलं.

"दोन दिसतील," मामा म्हणाले, "नाहीतर एकही नाही."

"पण तो..."

"हळू बोल."

"असेच बसा बाबा," बाहेर चिऊ म्हणत होती. "हलू नका. बघू दे मला."

"बघ की. मी कुठे पळतोय?"

फटीतल्या मामांनी डोळे मिटले.

"बघू दे तिला," ते म्हणाले. "उद्या ऑपरेशन आहे."

चाळीस मिनिटं. तेवढ्या वेळात तिची मान एकदाही दुसरीकडे वळली नाही. मामी, सोफा, घड्याळ, सगळं धुरकटच राहिलं. मी लॅपटॉपकडे बघत होते. मामा बघत नव्हते. ते नुसते ऐकत होते, आणि मध्ये मध्ये त्यांचे ओठ हलत होते. बाहेरचा आवाज जे बोलणार, ते त्याच्या जरासं आधी.

मग जावयांचा आवाज आला, पुरे आता, दमशील. चिऊ म्हणाली, "आता काही झालं तरी चालेल." तिकडून हेडसेट बंद झाला. लॅपटॉप काळा झाला. मी कॅमेरा बंद केला. दाराच्या फटीतून दिसणारा लाल दिवा विझला.

हॉलमध्ये मामी अजून कोणाशी तरी बोलत होत्या.

आणि त्यांना कोणीतरी उत्तर देत होतं.

दार ढकलून मामी आत आल्या. पदराने डोळे पुसत, पण चेहरा उजळलेला. कित्येक दिवसांनी त्या सरळ माझ्याकडे बघून हसल्या.

"बघितलंस ना? कधी नव्हे ते समोर एका जागी बसले बाई," त्या म्हणाल्या. "थंड पाणी मागतायत."

त्यांनी फ्रिजचं दार ओढलं. ते अर्धं उघडलं आणि मामांच्या गुडघ्याला टेकलं. मामींनी पुन्हा ओढलं. पुन्हा अडलं. मग त्या वाकल्या, त्या फटीत डोकावून त्यांनी नीट पाहिलं. मामांचं तोंड आणि त्यांचं तोंड यांत वीतभर अंतर असेल.

"काय अडकतं कोण जाणे हल्ली इथे," मामी म्हणाल्या.

मामांनी गुडघे आणखी जवळ ओढले. पोट आत घेतलं.

दार पूर्ण उघडलं.